खिडकीकडची रांग

गल्लीत कुणाला शाळेबद्दल काही विचारायचं असलं, तर ते शाळेत जात नसत, पार्लरमध्ये येत. शाळेच्या फाटकावर शिपाई हटकतो. पार्लरमध्ये निदान बसायला खुर्ची मिळते. शिवाय पार्लरवालीची मुलगी त्याच सरकारी शाळेत तिसरीला, आणि पार्लरवालीची सख्खी थोरली बहीण त्याच तिसरीच्या वर्गाची बाई. म्हणजे खबर अगदी घरची. पार्लरवाली गिऱ्हाइकाच्या मानेभोवती कापड बांधायची, केसांवर पाणी फवारायची आणि सुरू व्हायची.

"फीच्या शाळेत काय मिळतं हो? टाय मिळतो! आमच्या शाळेचे संडास बघा जाऊन, माझ्या मोरीपेक्षा चकाचक. आणि बाई म्हणाल, तर मला वाचायला शिकवलं तेच मुळी आमच्या ताईनं. आई कामावर जायची. ही स्वतः एवढीशी, पण मला स्वयंपाकघरात फरशीवर बसवून खडूनं अक्षरं गिरवायला लावायची. मी भोकाड पसरायचे, पण ही काही सोडायची नाही. अशी बाई कुठे मिळते सांगा."

आणि मग ती कात्रीच्या टोकानं भिंत दाखवायची. आरशाच्या दोन्ही बाजूंना, पार छतापर्यंत, गप्पीची चित्रं चिकटवलेली होती. गप्पी म्हणजे तिची मुलगी. तोंडाला कुलूप म्हणून नाही, त्यामुळे हे नाव पडलेलं. दप्तरातून रोज नवं चित्र निघायचं. घरं, बोटी, मांजरं, दोन डोक्यांची माणसं.

"रोज चित्र! फीवाल्यांकडे चित्रकलेला आठवड्यातून एक तास असतो, त्यातही दामटून गणितं घेतात. इथे मुलांना फुलू देतात," पार्लरवाली म्हणायची. हे 'फुलू देतात' तिनं ताईच्या तोंडून उचललेलं होतं, आणि आपल्या तोंडीही ते शोभतं असं तिला वाटायचं.

राहता राहिलं वाचन. तर त्याचं प्रात्यक्षिक रोज संध्याकाळी व्हायचं. गप्पी मागच्या स्टुलावर बसून पार्लरमधली जुनी मासिकं मोठ्यांदा वाचायची. आईचे डोळे गिऱ्हाइकाच्या केसांवर, कान लेकीकडे. या धंद्यात असंच चालतं. हातात कात्री असताना जी मागे वळून बघते, तिच्या हातून कुणाचा तरी कान जातो. गप्पी कुठे अडखळायची नाही की थांबायची नाही. खुर्चीतली बाई म्हणायची, "काय घडाघडा वाचते हो!" पार्लरवाली वरवर "अहो, कसलं काय" म्हणायची आणि आतल्या आत हरभऱ्याच्या झाडावर चढून बसायची.

तिच्या शब्दाखातर कोपऱ्यावरच्या केकवालीनं मुलीला फीच्या शाळेतून काढून इथे घातलं. टेम्पोवाल्याच्या बायकोनं तर जुळ्या मुली घातल्या. पार्लरवालीच्या जिभेनं शाळेचा पट वाढतोय, असं खुद्द मुख्याध्यापक म्हणाले होते. ते हसत म्हणाले होते, पण तिनं ते मनावर घेतलं.

अशात शाळेचं मूल्यांकन आलं. बाहेरची समिती येणार, वर्गात बसणार, मुलांना वाचायला लावणार आणि शाळेला दर्जा देणार. दर्जा घसरला तर शाळा बंद होऊन मुलं नदीपलीकडच्या शाळेत जातील, असं सगळीकडे बोललं जात होतं. दुपारी समितीला एका पालकाशीही बोलायचं होतं. पालकांतर्फे कोण? ताईनं नाव सुचवलं पार्लरवालीचं. तिनं आपली बरी साडी इस्त्री करून ठेवली आणि गिऱ्हाइकांपुढे बोलायची ती सगळी वाक्यं न्हाणीघरात पुन्हा एकदा म्हणून बघितली.

आदल्या संध्याकाळी ताई केसांना रंग लावून घ्यायला आली. चेहरा ओढलेला. आठवडाभर वर्ग सजवून सजवून ती दमली होती. पार्लरवालीनं रंग कालवला, हलक्या हातानं भांग पाडला.

"हिला खोकला झालाय का गं?" ताईनं आरशातूनच विचारलं.

"गप्पीला? नाही बाई."

"वर्गात खोकत होती." ताईनं स्टुलाकडे बघितलं, आणि गप्पी खोकली. "बघ. उद्या घरीच ठेव तिला. एवढी माणसं येणार, धावपळ होणार, उगीच दुखणं वाढायचं."

पार्लरवालीला भरून आलं. एवढी डोक्यावर टांगती तलवार, आणि ताईला भाचीचा खोकला दिसतो! तिनं ताईच्या कपाळावर ओघळलेला रंगाचा थेंब अंगठ्यानं पुसला. "तू नको काळजी करू," ती म्हणाली. "मी उद्या असं बोलते, असं बोलते, की समितीवाले स्वतःची पोरं आणून घालतील."

ताई हसली नाही. दमली असेल, असं पार्लरवालीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गप्पी स्टुलावर पाय हलवत बसली होती. खोकला नावाला नव्हता. चांगली विश्रांती मिळाली, असं म्हणून आईनं समाधान मानून घेतलं. तेवढ्यात केकवाली मुलीला हाताला धरून आली.

"घटकाभर बसू दे हो हिला इथे, भट्टी चालू आहे. बाईंनी काल निरोप दिला, हिला खोकला आहे, आज पाठवू नका म्हणून. किती बघतात हो मुलांचं!"

"आमचीलाही तेच," पार्लरवाली म्हणाली. "साथ आलेली दिसते."

केकवालीचं जाणं लांबलं, कारण दारातच टेम्पोवाल्याची बायको भेटली. तिच्या दोन्ही बाजूंना जुळ्या. "दोघींनाही खोकला, म्हणे," ती म्हणाली. "घरी एकदा खोकल्या असतील तर शपथ. पण बाईंनी सांगितलं म्हणून ठेवल्या."

पार्लरमध्ये आता चार आजारी मुली होत्या. त्यांनी रोलर्सचा डबा उघडला होता, एकमेकींच्या केसांत रोलर्स अडकवत होत्या आणि खिदळत होत्या. पार्लरवालीलाही आधी हसूच आलं. मग ते ओठांवरच सुकलं.

"तुम्ही चौघी वर्गात कुठे बसता गं?" तिनं विचारलं.

"खिडकीकडे," एक जुळी म्हणाली.

"चौघीही?"

"हो. खिडकीकडची रांग. आणखी पण आहेत. आम्ही चित्रं काढतो."

"आणि बाकीची मुलं काय करतात?"

"बाकीची वाचतात," केकवालीची मुलगी म्हणाली. सकाळी दूध येतं, दुपारी पाणी जातं, तितक्या सहज सांगितलं तिनं. "आम्ही गडबड केली तर बाई आणखी कागद देतात."

पार्लरवालीनं मासिकांच्या गठ्ठ्यातून हाताला लागेल ते उचललं, गप्पीच्या मांडीवर उघडून ठेवलं आणि म्हणाली, "वाच." त्या दिवशी तिच्या हातात कात्री नव्हती. ती स्टुलामागे जाऊन उभी राहिली.

गप्पी वाचू लागली. एका बाईचा कंगवा तळ्यात पडतो. तळ्यातल्या माशाला केस नसतात, म्हणून तो विचारतो, मी याचं काय करू? बोट ओळीवरून सराईतपणे सरकत होतं, ओळ संपली की खाली उतरत होतं. पान उलटायची वेळही बरोबर साधली होती. पानावर छापलेला मजकूर मात्र गालिच्यावरचे डाग कसे काढावेत, यावर होता. शेजारच्या फोटोत निळ्याशार गालिच्यावर कंगवा हातात घेतलेली एक बाई बसलेली होती.

गोष्ट चांगली होती. तेच जास्त लागलं. इतकं डोकं असलेली पोर, आणि तिच्या हातात नुसते कागद कोंबले.

तिनं एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

गप्पी शेजारच्या फोटोकडे बघू लागली.

"बरं, हे अक्षर कुठलं?"

"हे मावशी नंतर सांगणार आहे," गप्पी हळूच म्हणाली.

पार्लरवालीनं भिंतीकडे बघितलं. बोटी, मांजरं, दोन डोक्यांची माणसं. इतर मुलं एकेक धडा शिकत होती, तेव्हा एकेक बोट काढली गेली होती, आणि आपण त्या डिंकानं चिकटवून जगाला दाखवत होतो. परक्या बाईनं हे केलं असतं तर तिनं शाळेच्या दारात तमाशा केला असता आणि मोकळी झाली असती. पण ही ताई होती. सख्ख्या बहिणीनं केसानं गळा कापला होता, आणि कालच आपण त्याच केसांना रंग लावून दिला होता.

"तुम्हीच म्हणाला होतात हो..." केकवाली म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिनं गिळलं. टेम्पोवाल्याच्या बायकोनं जुळ्यांच्या केसांतले रोलर्स एकेक करून काढले आणि डब्यात नीट ठेवून दिले.

दुपारी पार्लरवाली शाळेत गेली ती गप्पीला घेऊनच. बरी साडी इस्त्रीची घडी न मोडता घरीच राहिली. फाटकावर झेंडूच्या कुंड्या मांडल्या होत्या, जिन्यात फिनेलचा वास होता. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर ताई उभी होती. गप्पीला बघताच तिचा चेहरा उतरला.

"हिला कशाला आणलंस?"

"खोकला दाखवायला."

ताईनं तिला दंडाला धरून व्हरांड्याच्या टोकाला नेलं. "हळू बोल. एका दिवसाचा प्रश्न आहे गं. समितीसमोर ही मुलं अडखळली, की शाळा गेली. माझ्या एकटीच्या वर्गात पन्नास डोकी आहेत. जी पळतात त्यांना पुढे नेऊ, की जी मागे आहेत त्यांच्यापाशी बसून राहू? सगळं एकदम होत नाही."

"आणि माझी मागे राहिलेली?"

"तिला मी घरी शिकवणार होते."

"कधी?"

ताईनं मुख्याध्यापकांच्या दाराकडे बघितलं.

"मला तर सांगायचंस! मी गावभर तुझे गोडवे गात फिरतेय. त्या बायकांनी माझ्या तोंडाकडे बघून पोरी घातल्या तुझ्याकडे. मला फरशीवर बसवून शिकवलंस ना? रडले तरी सोडलं नाहीस. मग माझ्या पोरीनं काय घोडं मारलं होतं?"

"तेव्हा तू एकटी होतीस," ताई म्हणाली. मग तीही चिडली. "आणि तू तरी कधी विचारलंस? रोज चित्र घरी येत होतं. एकदा तरी म्हणालीस, ताई, वही कुठे आहे? भिंतीवर चिकटवत होतीस आणि खूश होतीस."

हे खरं होतं. आणि खरं असलं तरी ते बोलायचा हक्क जगात एकाच माणसाला नव्हता, नेमका तोच बोलत होता. तेवढ्यात शिपायानं दार उघडून पालकांना आत बोलावलं.

आत टेबलामागे समितीच्या बाई बसल्या होत्या. पोक्त, चष्मा कपाळावर चढवलेला, सकाळपासून बसून अवघडलेल्या. मुख्याध्यापक हात पोटावर बांधून शेजारी उभे होते. ताई आत येऊन दाराला टेकली.

"या, बसा," समितीच्या बाई म्हणाल्या. "सगळे तुमचं फार नाव घेतात. शाळेच्या खऱ्या प्रवक्त्या म्हणे तुम्हीच. मग सांगा, मुलीला इथे घालून समाधान आहे ना?"

सगळी वाक्यं पार्लरवालीच्या जिभेवर तयार होती. टाय, संडास, फुलू देतात. तिनं ताईकडे बघितलं. ताईचे डोळे विनवत होते. लहानपणी कपबशी फुटली की आईसमोर असेच विनवायचे. तेव्हा प्रत्येक वेळी धाकटीनं गुन्हा स्वतःवर घेतला होता.

आज घ्यायचा नाही, असं तिनं ठरवलं. टेबलावर शाळेच्या माहितीचं पुस्तक पडलेलं होतं. तिनं ते उचललं, मजकुराचं पान उघडलं आणि लेकीच्या हातात दिलं.

"मी काय सांगणार, मॅडम? शिकते ती. तीच दाखवेल. वाच गं. मनानं नाही हं. जे लिहिलंय तेच."

"वा, वा," समितीच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

गप्पीनं पान बघितलं. त्यावर एकही चित्र नव्हतं. तिनं पान उलटं करून मागेही बघितलं. मग आईकडे बघितलं. आईनं नजर तिच्यावर रोखून धरली होती. मारायचं होतं बहिणीला आणि हत्यार म्हणून उभी केली होती पोर, हे आईच्या त्याच क्षणी लक्षात आलं, पण आता बोललेलं मागे घेता येत नव्हतं. गप्पीचं बोट पहिल्या ओळीवर गेलं, तिथेच थांबलं.

मग तिनं पुस्तक मिटलं, तोंडावर हात धरला आणि खोकली. पहिला खोकला लहान होता. दुसरा छातीतून आला. खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती खोकत राहिली.

"अरेरे, बरं नाही वाटतं हिला," समितीच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. पार्लरवालीनं लेकीला जवळ ओढायला हात पुढे केला. पण गप्पीचं आईकडे लक्ष नव्हतं, पेल्याकडेही नव्हतं. खोकता खोकता ती दाराशी उभ्या मावशीकडे बघत होती, एवढं पुरे की आणखी हवं, हे विचारत.