पाचवी प्रत

बैल पारखावा तर उकंडरावांनीच, असं शेलूबाजारच्या आसपास पाच-सहा गावांत म्हटलं जायचं. दात बघणं, खूर बघणं, चालवून बघणं, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याच उकंडरावांनी आपल्या जोडीतला पवळ्या विकला आणि तोही लेकीला टाइपरायटर घ्यायला, तेव्हा गावाने कपाळावर हात मारला. पोरीची जात, लिहिण्याची मशीन आणि बैल विकून! लोकांना बोलायला काय लागतं?

भागिरथाने ते बोलणं कानाआड केलं. दोन वर्षं एसटीने मंगरूळपीरला जाऊन ती टायपिंग शिकली होती आणि परीक्षेत पहिली आली होती. तहसील कचेरीला रोजगार हमीच्या कामांचे तक्ते टाइप करायला एक माणूस हवा होता, मात्र मशीन त्याची स्वतःची पाहिजे. सोमवारी चाचणी होती. काम मिळालं तर वर्षाच्या आत पवळ्याच्या जागी दुसरा बैल येणार होता. नाही मिळालं तर घरात एक बैल आणि एक लोखंडी पेटी उरणार होती, आणि एका बैलाने नांगर चालत नाही. हे सगळं तिला ठाऊक होतं. तरी ती घाबरली नव्हती, कारण तिला आपली बोटं ठाऊक होती.

शनिवारी बापलेक मंगरूळपीरला जगदेवच्या दुकानात गेले. रेडिओ आणि शिलाई मशीनच्या गर्दीत दोन टाइपरायटर होते. एक निळा, नवा, झाकणाच्या पेटीतला, हातात धरून कुठेही न्यावा असा. दुसरा काळा, जुना, भला मोठा.

उकंडराव उकिडवे बसले. निळ्याच्या आत बोट घालून त्यांनी अक्षरांचे खिळे चाचपले. मग काळ्याचे.

"हे निळीच घे," ते म्हणाले. "दात पाहाय इचे, कोवळा गोऱ्हा हाये. ते काळी झाली म्हातारी."

"बाबा, तुमी बैल निसते दात पाहून घेता का?"

"नाई. जुपून पाहातो."

"मंग जुपा."

तिने जगदेवकडून पाच कागद घेतले, मध्ये चार कार्बन घातले आणि ती चळत निळ्या मशीनमध्ये चढवली. बटणं कशी लोण्यासारखी दबत होती! पण कागद सुटे केले तर तिसऱ्यावर धुकं आणि पाचवा कोरा. मग तीच चळत काळीत घातली. इथे बोटांना जोर लागला, दुकान दणाणलं, पण पाचव्या कागदावरचं अक्षर अन् अक्षर वाचता आलं.

"इचा रोलर कडक हाये," तिने बापाला समजावलं. "ठोका खालपर्यंत जाते. अन् लांबी पाहा. कचेरीचा तक्ता आडवा असते, तो निळीत मावतच नाई."

जगदेवला निळी खपवायची होती. तो म्हणाला, "पोरी, ही काळी तुला उचलेल तरी का?"

"उचलाले मी हावो ना," उकंडराव एकदम तडकले. या पारखीत आपण चुकलो हे त्यांना कळलं होतं, पण ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची त्यांना सवय नव्हती. डोक्यावर चुंबळ ठेवून त्यांनी मशीन घरी आणली.

रविवारी भागिरथा दिवसभर कापूस वेचायला गेली. सोमवारी सकाळी थोडा सराव करावा म्हणून तिने मशीनवरचं फडकं काढलं, 'क' दाबला, तर खिळा वर गेला आणि तिथेच राहिला. दुसरा दाबला, तोही तसाच. आत सगळा चिकटा, आणि घरभर रचलेल्या कापसाची तूस त्यावर बसलेली.

"बाबा! हे काय केलं तुमी?"

उकंडराव गोठ्यातून आले. "जवसाचं तेल देल्लं शनवारी रातच्याले. कोरडी वाजत होती. नवा बैल आनला का शिंगाले तेल लावाच लागते."

भागिरथाला भयंकर संताप आला. मग तिने बापाचा चेहरा पाहिला. पवळ्या गेल्यापासून त्या माणसाच्या हाताला काही सुचत नव्हतं, आणि हे तेल त्याने मायेनं लावलं होतं. तिचा राग निवला. पण पहिल्या गाडीला तासभरच उरला होता.

"कंदिलातलं राकेल आना," ती म्हणाली. "अन् कोंबडीचं पीस."

शिकवणाऱ्या बाईंनी एक गोष्ट बजावली होती: खिळ्यांना तेल द्यायचं नाही, रॉकेलने धुवायचं आणि कोरडं पुसायचं. तिने एकेक खिळा पिसाने धुतला, बारीक काडीने तूस काढली, जुन्या लुगड्याच्या चिंधीने पुसलं. उकंडराव बाजूला बसून चिंध्या पुरवत होते. शेवटी तिने 'क' दाबला. खिळा गेला आणि फटकन परत आला.

कचेरीत अव्वल कारकुनाने नाक मुरडलं. "रॉकेलचा वास कशाचा येतोय?"

"मशीन धुऊन आणली आहे, साहेब," भागिरथा ताठ मानेनं म्हणाली.

आणखी एकच उमेदवार होता, भाऊसिंग. आणि त्याच्यापुढे जगदेवच्या दुकानातली तीच निळी होती. भाऊसिंगची बोटं तिच्यापेक्षाही चपळ, हे तिने पहिल्याच ओळीला ओळखलं. मग कारकुनाने बारा रकान्यांचा आडवा तक्ता दिला, पाच प्रतींत. भाऊसिंगने कागद दुमडला, उलगडला, तिरपा केला. तो काही मावला नाही. बिचारा घामाघूम झाला, आणि भागिरथाला त्याची कीवही आली, कारण बोटांत काही खोट नव्हती. तिने आपला कागद चढवला आणि धडाधड सुरुवात केली.

कारकुनाने पाचवी प्रत उचलून खिडकीशी नेली, वाचली, आणि म्हणाला, "उद्यापासून या."

तो चाचणीचा कागद तिने मागून घेतला. बाहेर कडुनिंबाखाली उकंडराव उभेच होते. त्यांना अक्षर येत नव्हतं. तिने सांगण्याआधी त्यांनी कागद घेतला, पालथा केला आणि डोळे मिटून त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. ओळीमागून ओळ उमटली होती.

"कितवा कागद हा?"

"पाचवा. सगळ्यात खालचा."

"लय खोल लागला नांगर," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. भागिरथाचेही आले.

संध्याकाळच्या एसटीत कंडक्टरने मशीन पाहून हात हलवला. "आजोबा, हे ओझं वर टपावर टाका."

"टपावर?" उकंडराव मशीन मांडीवर घेऊन सीटवर बसले. "जोडीतला हाये तो माह्या. असाच येईन, खांद्याले खांदा लावून."