दोन सारखे दिसणारे स्लॉट

"बसेल ना गं?" लेकीने पुन्हा विचारलं.

आई फरशीवर मांडी घालून बसली होती. पुढ्यात संगणकाचा उघडा कॅबिनेट, शेजारी नव्या ग्राफिक्स कार्डाचा खोका. खोक्यावर निळ्या पेनाने लिहिलं होतं : बोक्याला.

बोका हे लेकीचं लाडाचं नाव. आईनेच ठेवलेलं, रांगायच्या वयात. ते या दोन खोल्यांबाहेर कधी पडलं, आईला पत्ताच नव्हता.

"हे कोणी लिहिलं?"

"मावशीनं."

मावशी म्हणजे लेकीच्या बाबांची दुसरी बायको. आई तिला नुसतं 'तिकडची' म्हणायची.

बसणार नाही, असं आई म्हणाली.

नाही, म्हणाली नाही. शब्द ओठांपर्यंत आला होता, एवढंच. आई एका कॉलेजात संगणक दुरुस्त करायची. तिने 'बसणार नाही' म्हटलं असतं तर लेकीने मुकाट्याने खोका परत पाठवला असता. म्हणून तर तो शब्द इतका गोड लागत होता.

"बघू," ती म्हणाली.

सोमवारी लेकीला हाच संगणक नेऊन एका स्टुडिओत आपली कार्टून फिल्म दाखवायची होती. जमलं तर नोकरी. पण फिल्ममध्ये एक जंगल होतं, आणि जंगल आलं की हा संगणक गुडघे टेकायचा, हे आईला आज खोका आल्यावरच कळलं होतं. संगणक आईने स्वतः जोडलेला, एकेक भाग जमवून.

"फार लांब आहे गं," कार्ड हातात घेत आई म्हणाली. आवाजात नको तेवढा उत्साह होता. "हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला अडणार."

"नाही अडणार. मावशीनं मला टेप लावून मोजायला सांगितलं होतं."

आईने कार्ड आडवं धरून पाहिलं. बोटभर जागा उरत होती.

"पण आपला पॉवर सप्लाय—"

"पुरतो. त्याच्यावरच्या लेबलाचा फोटो पाठवला होता मी तिला."

"लेबल आत आहे."

"झाकण काढलं ना मग."

"कोणी?"

"मी. तू कॉलेजला होतीस. आई, झाकण आहे ते, तिजोरी नाही."

म्हणजे तिकडचीने आतलं सगळं पाहिलं होतं. वळणं देऊन बांधलेल्या वायरी, सैल पंख्याखाली आईने सारलेला रबराचा तुकडा, सगळं. परक्या बाईने आपलं कपाट उघडून घड्या चाळाव्यात तसं आईला झालं.

"काही म्हणाली?"

"वायरी किती नीट बांधल्यात म्हणाली."

हे तर फारच झालं. नावं ठेवली असती तर निदान भांडता आलं असतं.

"कार्ड नव्या पिढीचं आहे, बोर्ड जुना," आईने शेवटचं अस्त्र काढलं.

"तरी चालतं ना? तिनं दुकानात विचारलंय. जुन्या स्लॉटमध्ये नवं कार्ड चालतं, फक्त जरा दमानं."

चालतं. आईलाही ठाऊक होतं. टेप, लेबल, दुकान, सगळीकडे ही बाई आधीच जाऊन आली होती.

एका जागी सोडून.

बोर्डावर कार्ड खोचायचे लांब स्लॉट दोन होते, एकाखाली एक. दिसायला सख्ख्या बहिणी. पण खालच्याच्या आत पितळी पिना वरच्याच्या जेमतेम चौथाई. कार्ड त्यात बसतं, चालतंही. फक्त सगळी ये-जा बोळातून होते, आणि दृश्य जड असलं की बोळ तुंबतो. हे दुकानात कोणी विचारत नाही. बसवणाऱ्याला माहीत असतं.

आईने वरच्या स्लॉटमधलं जुनं कार्ड काढलं. नवं खाली लावलं.

"वर नाही लावायचं?"

"खाली हवा खेळती राहते."

किती सहज म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं.

संगणक सुरू झाला. फिल्म सुरू झाली. जंगल आलं. आधी ते ठप्प व्हायचं, आता अडखळत पुढे सरकू लागलं. हरणाने पाय उचलला आणि तो तसाच वर राहिला.

"एवढंच?" लेक स्वतःशीच पुटपुटली.

आईला बरं वाटलं. छातीत ऊब आल्यासारखं. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून ती खोक्यातला थर्माकोल गोळा करू लागली.

तेवढ्यात लेकीचा फोन वाजला.

"हां मावशी! बसलं, बसलं! मस्त चालतंय गं. ... अगं खरंच. जंगल नुसतं पळतंय."

पडद्यावर हरणाचा पाय अजून हवेतच होता.

आईचा हात थांबला. हा सूर तिच्या ओळखीचा होता. 'अगं खरंच'च्या आधीची ते छोटंसं थबकणं. संगणक जोडून दिला तेव्हा लेक अशीच म्हणाली होती, मस्त चालतोय गं आई. परवाही म्हणाली होती. तेव्हा या खोलीत जंगल किती वेळ अडून राहत असेल, आणि लेक दार लोटून एकटीच त्याच्यापुढे बसत असेल.

म्हणजे आपलं मन राखलं जात होतं. आणि तिकडचीचंही, त्याच सुरात. खोटंसुद्धा आईच्या एकटीच्या वाट्याला आलं नव्हतं.

हा हेवा आधीच्या सगळ्यांहून वाईट होता. पण सोमवारी स्टुडिओत हरणाचा पाय असाच वर राहिला, तर तिथे मन राखायला कोणी बसलेलं नसणार.

लेकीने फोन ठेवला.

"बंद कर ते," आई म्हणाली.

"का?"

"कार्ड वर लावते."

"आणि हवा?"

"हवेचा काही संबंध नाही." आईने स्क्रूड्रायव्हर उचलला. लेकीकडे न बघता म्हणाली, "मुद्दाम लावलं होतं खाली."

लेकीने बटण दाबलं. संगणक बंद झाला, पंखे थांबले. उन्हं कलली होती आणि कॅबिनेटच्या आत नीट दिसत नव्हतं. आई स्क्रू चाचपडू लागली. तो बोटाखाली येई आणि निसटे.

मग मागून उजेड आला. लेक फोनचा दिवा लावून तिच्याशेजारी उकिडवी बसली होती.

"अजून जरा खाली," आई म्हणाली.

लेकीने हात खाली घेतला. उजेड वरच्या स्लॉटवर आणि आईच्या बोटांवर पडला. आईने कार्ड दाबलं, खटका बसला. वायर जोडून झाली, स्क्रू आवळून झाला, तरी ती तशीच वाकून राहिली.

लेकीनेही दिवा हलवला नाही. आईच्या चेहऱ्यावर उजेड येणार नाही, अशा बेताने तो धरून ठेवला.