खंडेनवमीला चुकलेला डोस

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मला शेजारच्या लॅपटॉपचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझा जन्म कारखान्यातला, पण घर मिळालं ते वडिवळ्यात, रखमाजी आबांच्या गुलाबाच्या पॉलिहाऊसवर. तिथल्या थंड खोलीत तोडलेली फुलं ठेवतात. खोली किती गार ठेवायची, हे यंत्राला मी सांगायचो. गुलाबाची कळी मिटलेली असली तरच गिऱ्हाईक तिला हात लावतं. उमलली की गेली उकिरड्यावर. आबांची सून अनिता हा कारभार बघते. "ह्यो हाय म्हणून मला झोप लागती," असं ती पाहुण्यांना सांगायची, तेव्हा माझा पंखा जोरात फिरायचा.

माझ्यातल्या सॉफ्टवेअरचा परवाना 'कायमचा' होता. व्हायरसपासून जपणारी अपडेट त्यावर फुकट यायची. अनिता त्यांना डोस म्हणायची. मग कंपनीने नियम बदलला. तळेगावचा श्रीयश आम्हा संगणकांचा डॉक्टर. तो म्हणाला, "वहिनी, परवाना कायमचाच आहे, पण यापुढे डोस फक्त वर्षाची वर्गणी भरणाऱ्यांना. आणि एवढ्या जुन्याला कंपनी वर्गणीतही घेत नाही."

"वर्गणी? गणपतीची का काय?" आबांनी विचारलं.

जुन्या परवान्यावर शेवटचा एक डोस मिळणार होता, आणि त्याची मुदत नेमकी खंडेनवमीला संपत होती. कामाच्या गडबडीत अनिताने तो पुढे ढकलला होता. त्या दिवशी थंड खोली रिकामी होती. सकाळी ती मला चालू करायला आली, तर आबांनी मला बंद करून, पुसून, कोयता, कात्री आणि फवारणीच्या पंपाशेजारी पूजेला बसवलं होतं.

"आबा, थोडा वेळ चालू करू द्या. डोसची शेवटची तारीख हाय."

"न्हाई पोरी. आज हत्याराला हात लावायचा न्हाई. वरीसभर राबतंय, त्याला बी इसावा पायजे."

सुनेने सासऱ्यापुढे शब्द वाढवला नाही. मला झेंडूचा हार मिळाला, कुंकू मिळालं. डोस मात्र गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, हिशेबासाठी लॅपटॉप आला. वर्गणीसकट! नव्या जावयासारखा टेबलावर बसला. त्याला न मागता डोस, आणि 'अपडेट झालं' असं मिरवून सांगायचा वर. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, याचे काही सरेनात. खोली सांभाळायची मी आणि लाड याचे! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मार्गशीर्षात लोणावळ्यातल्या एका लग्नाची मोठी मागणी आली. अनिताने स्वतः मिळवलेली पहिलीच. त्याच आठवड्यात माझ्यात व्हायरस शिरला. पडदा काळा झाला, यंत्राला माझा निरोप जाईना. सकाळी अनिताने दार उघडलं, तर सगळे गुलाब उमललेले. काय सुंदर दिसत होते! ती तिथंच खाली बसून रडली.

श्रीयशने मला साफ केलं. "तो शेवटचा डोस बसला असता, तर हा शिरलाच नसता," तो म्हणाला. ते ऐकून आबा उठले आणि उमललेले गुलाब स्वतः उकिरड्यावर टाकून आले. खोली लॅपटॉपकडे गेली. माझी इंटरनेटची वायर काढली आणि मी कोपऱ्यात बसून खोक्यांची लेबलं छापू लागलो.

यंदा खंडेनवमी आली. आबा हार घेऊन लॅपटॉपपुढे थांबले.

"अनिता, ह्याचा डोस झाला का गं? आदी डोस, मग कुकू."

"व्हय आबा, झाला."

मग ते माझ्याकडे वळले. कुंकू लावता लावता हळूच म्हणाले, "तुजा म्या घालवला रं."

मित्रांनो, घरच्या यंत्राची पूजा जरूर करा, पण आधी त्याची तारीख बघा. त्या दिवशी मोठा हार माझ्या गळ्यात होता. तरी मी लॅपटॉपकडेच बघत होतो.