आईच्या पावट्याचा शेवटचा वेल

आईच्या पावट्याचं बी आता जगात एकाच ठिकाणी होतं: तेलीबागेजवळच्या लष्करी क्वार्टरमागे, विनीताच्या चार वेलांवर. आई मागच्या वर्षी गेली, वाईजवळची जमीन भावाने विकली आणि आईच्या डब्याच्या तळाशी सापडलेले सात दाणे विनीताने रुमालात बांधून लखनौला आणले. चार उगवले. शेंगा वेलावर वाळल्या तरच बी धरता येणार होतं, आणि नेमका तेव्हाच नवऱ्याच्या, रणजितच्या, बदलीचा हुकूम आला. वीस मार्चला क्वार्टर रिकामं करायचं होतं.

जानेवारीत धुकं आठवडाभर हटलं नाही आणि वेलांच्या शेंड्यांवर काळा, चिकट मावा, बारीक किड्यांचा थर, बसला. रस शोषून शोषून त्याने पानं आक्रसवली, फुलं गाळली. रणजितने दुकानातून औषधाची बाटली आणली. विनीताने ती फळीवर ठेवली ती तिथेच. विष मारून वाचवलेलं बी आईचं राहणार नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं, आणि तिच्या मनाने एकदा घेतलं की नवऱ्याची सुभेदारी तिथे चालत नसे. ती रोज संध्याकाळी निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात फेटून पानांच्या पाठी फवारी. मावा चार दिवस कमी होई आणि पाचव्या दिवशी पुन्हा हजर. पहिला वेल गेला तेव्हा ती मोरीत बसून रडली.

फेब्रुवारीत वेलांवर नवेच किडे दिसू लागले. काळे, लांबट, पाठीवर नारिंगी ठिपके, सुसरीच्या पिलासारखे ओंगळ. हेच त्या माव्याचे आईबाप, असा तिने निकाल लावून टाकला. सकाळी दूध गॅसवर ठेवून ती चिमटा घेऊन बसे आणि एकेक वेचून साबणाच्या पाण्याच्या मगात बुडवी. दहा दिवसांत शंभरेक तरी मारले. दूध दोनदा उतू गेलं. एवढं करूनही मावा वाढतच होता, आणि आणखी दोन वेल वाळून गेले.

शेवटी अवनीने, तिच्या बारावीतल्या मुलीने, मगाचा फोटो काढून फोनवर शोधलं.

"मम्मा, ये तो लेडीबग के बच्चे हैं," ती हळूच म्हणाली. "ये तो उन कीड़ों को खाते हैं. दिनभर वही खाते हैं."

विनीताने मग गाळणीत उपडा केला. एकही हलत नव्हता. आईचं बी माव्याने नाही, आपण घालवलं, हे तिला स्वच्छ कळलं.

उरलेल्या एका वेलावर तिने मग काही फवारलं नाही. त्या किड्यांना हुसकावणाऱ्या मुंग्या चढू नयेत म्हणून खोडाला तेवढी तेलाची चिंधी गुंडाळली आणि वाट बघत राहिली. ठिपकेवाले पाच-सहा किडे आले. मावा ओसरला. एक शेंग धरली, भरली. पण वीस तारीख उजाडली तरी ती हिरवीच होती, आणि हिरव्या शेंगेतलं बी उगवत नाही. रणजित म्हणाला, वेल उपटून कुंडीत घेऊ. पण उपटलेला वेल दोन दिवसही जगला नसता.

त्यांच्या जागी क्वार्टरमध्ये राहायला येणारी शिवांगी जबलपूरची होती, हसतमुख, नव्या लग्नाची. सामान ट्रकमध्ये चढत असताना विनीताने तिला वेलापाशी नेलं. शेंगेला रुमालाची चिंधी बांधून ठेवली होती. ही तोडायची नाही, पूर्ण वाळली की दाणे पाकिटात घालून पाठवायचे, असं तिने दोनदा सांगितलं. पत्ता लिहून दिला. शिवांगीने मनापासून मान डोलावली.

"आप बिल्कुल चिंता मत कीजिए, दीदी," ती म्हणाली, आणि बोलता बोलता पानावरचा काळा, नारिंगी ठिपक्यांचा किडा बोटांत धरून चिरडला. "कीड़ा था."

ट्रकवाला हॉर्न देत होता. रणजित फाटकातून हाका मारत होता. विनीता वेलाखाली उकिडवी बसली, शिवांगीचा हात धरून तिलाही खाली बसवलं आणि पहिल्यापासून सांगू लागली.