कुणाच्या घरून आलं

पाळणाघराच्या दारातच ताईंनी खारूची पिशवी तिच्या आईच्या हातात कोंबली.

“तळहात बघा पोरीचे! तोंडातही फोड. घरी साबण-पाणी असतं की नाही?”

मुलांना सोडायला आलेल्या बाकीच्या आया जागच्या जागी थबकल्या. एकीने आपलं पोर चटकन कडेवर उचललं. खारूची आई लाँड्रीत कामाला होती. दिवसभर दुसऱ्यांच्या चादरी धुणारी बाई. गालात खाऊ साठवते म्हणून ‘खारू’ नाव पडलेल्या त्या एवढ्याशा जिवाला तिने खांद्याशी धरलं आणि मान खाली घालून ती निघून गेली.

ताईंना आपण बरोबरच केलं असं वाटलं. इतक्या वर्षांचं पाळणाघर. नावाला डाग लागलेला परवडायचा नाही.

पण आठवडा सरायच्या आत आणखी तिघांच्या तळव्यांवर तसंच पुरळ उठलं. ताईंचं धाबं दणाणलं. त्यांनी तडक मुलांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गाठला.

“घाबरू नका,” बाई म्हणाल्या. “लहान मुलांत हा विषाणू सर्रास फिरतो. थुंकीतून, शेंबडातून, लंगोट बदलणाऱ्या हातांतून. ताप येतो, तोंड येतं, हातापायांवर पुरळ उठतं. बहुतेक मुलं आठ-दहा दिवसांत आपोआप बरी होतात. पोटात पाणी जातंय ना, लघवी होतेय ना, तेवढं बघायचं. आणि बरी होईपर्यंत मुलांना घरी ठेवायचं.”

“म्हणजे घाणेरड्या घरातून येतो असं नाही?”

“छे! राजवाड्यातसुद्धा येईल. मोठ्यांनाही होतो. त्यांच्या अंगावर फारसं दिसत नाही एवढंच. नुसता घसा धरतो, नाहीतर एखाददुसरा फोड...” बोलता बोलता त्यांची नजर ताईंच्या हातावर थांबली. “हे काय झालंय?”

ताईंच्या बोटांच्या पेरांशी कातडी सुटत होती.

“काही नाही. मध्ये बारीक फोड आले होते. भांड्याचा चटका बसला असेल म्हटलं.”

“घसा दुखत होता?”

“थोडासा.”

“त्या पहिल्या मुलीच्या आधी?”

ताईंनी हात ओढून मांडीवर घेतला. त्या दुखऱ्या घशानेच त्या मुलांचे घास फुंकून गार करत होत्या. जेवायला सगळ्यात कंटाळा करायची ती खारू. तिला तर मांडीवर बसवून.

“कुणाकडून कुणाला, हे छातीठोकपणे नाही सांगता येत,” बाई म्हणाल्या. “पण तुम्हाला आधी झालेलं दिसतंय.”

दवाखान्यातून ताई घरी गेल्या नाहीत. विचारत विचारत त्या खारूच्या घरी पोचल्या.

दार उघडताच जंतुनाशकाचा उग्र वास नाकात शिरला. गाद्या भिंतीला उभ्या करून ठेवलेल्या. पडदे काढलेले. जमीन अजून ओली. ताईंना पाहताच खारूची आई दोन पावलं मागे सरकली.

“सगळं धुतलंय, ताई. रोज धुते.”

खारू कोपऱ्यात बसली होती. फोड सुकले होते, पण तळहात मात्र सोलून निघाल्यासारखे लालभडक.

“हे कशानं?”

“घासलेत मी. ब्रशनं.” आईचा आवाज खाली गेला. “रडायची फार. पण म्हटलं, निघायला तर हवं.”

ताई ओल्या जमिनीवरच बसल्या.

“घासू नका हो तिला. हे घाणीमुळे होत नाही. आणि तुमच्या घरून आलंच नव्हतं. आधी मला झालं होतं. माझ्याकडूनच आलं असणार.”

खारूची आई समजूत घालावी तशी हळूच म्हणाली,

“असं काय बोलता, ताई. तुमच्याकडे किती स्वच्छ असतं सगळं.”

ताई म्हणाल्या,

“उद्या सकाळी पाळणाघरात याल? सगळ्या आया असतील तेव्हा. मला त्यांच्यासमोर बोलायचंय.”

आईने झटकन खारूला जवळ ओढलं. तिचे दोन्ही तळहात आपल्या मुठीत झाकून घेतले.

“नको, ताई,” ती म्हणाली. “परत सगळ्यांसमोर नको.”