बारा मिनिटं

बसा जरा, थुईची गोष्ट सांगतो. आमच्या केम्निट्झच्या वृद्धाश्रमातली. फार लांबण लावत नाही.

थुई व्हिएतनामहून आलेली. त्या दिवशी तिला पारखून बघायला कामावर बोलावलेलं. जमलं तर नर्सिंगची शिकाऊ जागा, नाहीतर महिनाअखेर व्हिसा संपला आणि पोरगी परत घरी. 

जर्मन भाषेच्या वर्गात वेळेचे शब्द घोटून आली होती. त्यातला 'सोफोर्ट' तिचा लाडका. म्हणजे आत्ता, या क्षणी. तिच्या गावाकडं मोठ्या माणसाला 'थांबा' म्हणत नाहीत. 'आलेच' म्हणायचं, मग यायला अर्धा तास लागो. झालं. घंटी वाजली की ही दारातून डोकं घालून 'सोफोर्ट' म्हणायची अन् पुढच्या खोलीत पळायची. नऊपर्यंत चार खोल्यांत चार सोफोर्ट वाटून बसली.

सात नंबरच्या खोलीतले पेट्सोल्डआजोबा हातात घड्याळ घेऊनच बसलेले, एका पायात मोजा.

"बाई, तुमच्या सोफोर्टला एकोणीस मिनिटं झाली."

"माफ करा, मी खूप घाई करतेय."

"दिसतंय की. पोचत मात्र नाही कुठंच." म्हातारा गुरगुरला. "वीस लागणार तर वीस म्हणा, मी पेपर वाचीन. सोफोर्ट म्हटलं की मी दाराकडं बघत बसतो, पाय गार करत."

म्हाताऱ्या माणसाला तोंडावर वीस मिनिटं थांबा म्हणायचं? तेवढ्यात मुख्य नर्स क्राइशेबाई वहीत काहीतरी खरडत दारावरून गेल्या.  मोजा कसाबसा चढवला, तोवर अकरा नंबरची घंटी.

"बारा मिनिटं," ती तिथल्या आजींना म्हणाली. 

आता ओरडा बसणार, असं तिला वाटलं. आजी म्हणाल्या, "बरं," आणि रेडिओ लावला. बाराव्या मिनिटाला थुई दारात हजर, धापा टाकत.

दुपारी क्राइशेबाईंनी बोलावलं. "नऊपर्यंत चार तक्रारी. नऊनंतर एकही नाही. आणखी एक आठवडा बघते, मग ठरवू. सोमवारी सहाला या. सहाला म्हणजे कपडे बदलून तयार."

"येते," थुई म्हणाली, आणि बाहेर येऊन ट्रामचं वेळापत्रक बघितलं. पहिली ट्राम पोचते सहा वाजून चार मिनिटांनी. त्याआधी पोचायला तिच्याकडं दुसरं काही नाही.

तुमच्यापैकी कुणाची सायकल तळघरात पडून असेल, तर तेवढी द्या तिला. रविवारच्या आत.