चौथा बर्फ

नावडे नाक्यावर मुख्तार मुकादमचं गॅरेज होतं तेव्हा लोक म्हणायचे, सायलेन्सरचा पोचा काढावा तर मुख्तारभाईनेच. मग गुडघ्यांनी दगा दिला, गॅरेज विकलं, आणि दोह्याला नोकरी करणाऱ्या उसामाने बापाला आपल्या खारघरच्या फ्लॅटमध्ये अकराव्या मजल्यावर आणून ठेवलं. बायको फातिमा होती तोवर ते घर होतं. ती गेल्यापासून दीड वर्षात दाराची बेल वाजवली ती बहुतेक पत्ता चुकलेल्या पार्सलवाल्यांनीच. मुख्तार त्यांनाही बसा म्हणायचा. ते कसले बसतात!

त्यामुळे सोमवारी दुपारी चार वाजता सातव्या मजल्यावरचे कमळाकर दारात उभे राहिले तेव्हा मुख्तारला आधी खरंच वाटेना. पेपरात गुंडाळलेला सायलेन्सर त्यांनी तान्ह्या पोरासारखा दोन्ही हातांत धरला होता.

"तुमची गॅरेजची लाइन होती असं वॉचमन म्हणाला. पार्किंगमध्ये कुणीतरी माझी गाडी पाडली हो. तीस वर्षं जुनी गाडी, हा पार्ट आता मिळत नाही. शनिवारी आम्ही कायमचे गुहागरला चाललोय, टेम्पोतून गाडीही न्यायचीय. मला तर टेन्शनच आलंय. होईल का काही?"

वाटी बसेल एवढा पोचा होता. "होईल ना, साहेब. न व्हायला काय झालं?"

"पण इथे घरात? गॅस नाही, वेल्डिंग नाही..."

मुख्तारने हसून हॉलच्या कोपऱ्यातल्या आडव्या डीप फ्रीझरकडे बोट दाखवलं. बकरी ईदच्या मटणासाठी फातिमाने हट्टाने घेतलेला. ती गेल्यापासून तो बंदच होता. मुख्तारने त्याचं बटण दाबलं, सायलेन्सरच्या आतली जाळी काढली, एका टोकाला रबराचं बूच आवळलं, काठोकाठ पाणी भरलं आणि दुसरं टोकही बंद केलं. पाण्याचा बर्फ झाला की तो फुगतो आणि आतून पोच्याला बाहेर ढकलतो. एका दमात होत नाही. वितळवायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा गोठवायचं.

"उद्या बघायला या," तो म्हणाला आणि चहा टाकला.

मंगळवारी पोचा निम्म्यावर आला. कमळाकर खारीचा पुडा घेऊन आले आणि ऑफिसातल्या साहेबांच्या नकला करत सहापर्यंत बसले. मुख्तार डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. बुधवारी जेमतेम करंगळीचं टोक बसेल एवढी खळी राहिली. गुरुवारी सकाळी, तिसऱ्या बर्फानंतर, पत्रा साफ सरळ झाला होता. अंगठा फिरवला तर कुठे अडकेना. असं काम हातून उतरलं की मुख्तार पूर्वी अख्ख्या नाक्याला चहा पाजायचा. आज तो सायलेन्सर मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला. काम झालं म्हणजे गिऱ्हाईक गेलं.

चार वाजता तो म्हणाला, "अजून थोडा हाय. डोल्याला दिसत नाय, हाताला लागतो."

चाळीस वर्षांत कामाच्या बाबतीत तो पहिल्यांदा खोटं बोलला होता. कमळाकरांनी मान डोलावली, चहा घेतला, उद्या येतो म्हणाले. आणि खोटं खरं वाटावं म्हणून या शहाण्याने सायलेन्सर पुन्हा काठोकाठ भरून फ्रीझरमध्ये ठेवला. ढकलायला पोचाच उरला नव्हता. बर्फाने मग जोडालाच धरलं.

शुक्रवारी झाकण उघडलं तर वेल्डिंगचा जोड वीतभर उकलला होता. मुख्तार तिथेच फरशीवर बसला. मिस्तरी म्हणून त्याला स्वतःची लाज वाटली. गंजका होता, जुना होता, असं काहीही सांगता आलं असतं. पण चार वाजता त्याने फुटलेला सायलेन्सर टीपॉयवर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

"पोचा काल सकालीच निघाला होता, साहेब. तुमी आज यावं म्हनून परत गोठवला. गुहागरला कुनाकडून जोड भरून घ्या. पैसे मी देतो."

कमळाकरांनी उकललेल्या जोडावरून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"तीन वर्षं एका बिल्डिंगमध्ये राहतोय आपण," ते म्हणाले. "नुसतं चहाला या म्हटलं असतंत, तर आलो नसतो का मी?"

जन्मभर मुख्तारकडे माणसं आली ती काहीतरी मोडलं म्हणून. काहीच मोडलेलं नसताना कुणाला बोलावतात कसं, हे त्याला ठाऊक नव्हतं. ते काम फातिमाचं होतं.

"तुमी पन पोचा परेपर्यंत आलात नाय, साहेब," तो हळूच म्हणाला.

कमळाकरांनी मान खाली घातली. मग त्यांनी सायलेन्सर पेपरात गुंडाळला. टेम्पो सकाळी सातला यायचा होता.